समोरची बँक वेगळी म्हणून तीन दिवस?

गेल्या महिन्यात मुलीच्या मेसचे साडेचार हजार रुपये एनईएफटीने, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या सोयीने, पाठवले. शुक्रवारी सकाळी माझ्या खात्यातून वजा झाले, मेसवाल्या काकूंच्या खात्यात उगवले थेट सोमवारी दुपारी. तोवर लेक त्यांची नजर चुकवून जेवत होती. शाखेत विचारले, तर मान वर न करता उत्तर आले, ‘‘समोरची बँक वेगळी आहे ना, दोन-तीन दिवस धराच.’’

का धरायचे? १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास सुरू असते, रविवारी आणि सुटीच्या दिवशीसुद्धा. दर अर्ध्या तासाला जमलेल्या व्यवहारांची एक बॅच सुटते. बॅचचा हिशेब मिटल्यावर दोन तासांत पैसे एकतर जमा व्हावेत, नाहीतर परत यावेत. उशीर झाला, तर रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते तो) अधिक दोन टक्के या दराने व्याज ग्राहकाने न मागताही द्यावे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. माझ्या रकमेवर त्यात कटिंग चहाही येणार नाही म्हणा! तरी यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, घालून अर्ज दिला आहे. पोच मिळाली, पण शिक्का ‘साहेबांच्या कपाटात’ असल्याने बिनशिक्क्याची.

– एक खातेदार, सातारा