जळजळ नसली तरी लघवीचं कल्चर हवंच

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला गर्भवतींच्या तपासण्यांवरचा लेख वाचला. लोहाच्या गोळ्या, सोनोग्राफी, धनुर्वाताची इंजेक्शनं, सगळं नीट लिहिलंय. पण ‘लघवीला जळजळ होत असल्यास तपासणी करावी’ हे वाक्य छापायलाच नको होतं. जळजळ नसली तरी लघवीचं कल्चर, म्हणजे लघवीत जंतू वाढतात का हे प्रयोगशाळेत पाहणारी तपासणी, करायचीच असते!

माझ्या भाचीला कसलाच त्रास नव्हता. ना उन्हाळी लागली, ना ओटीपोटात दुखलं. सातव्या महिन्यात एका रात्री हुडहुडी भरून सणसणून ताप आला, उजव्या कुशीला हात लावू देईना. जंतुसंसर्ग थेट मूत्रपिंडापर्यंत पोचला होता. दिवस भरायच्या आत कळा सुरू होतील या धास्तीनं पोरगी सलाइन लावलेल्या हातानं पोट धरून पडलेली. मी तिची फाइल चाळली. प्रत्येक भेटीच्या रकान्यात ‘अल्ब्युमिन निल, शुगर निल’, म्हणजे लघवीत प्रथिनं नाहीत, साखर नाही, एवढंच. कल्चर एकदाही नाही. दवाखान्यात विचारलं तर म्हणे, “तक्रार नव्हती ना.”

अहो, गरोदरपणात मूत्रवाहिन्या सैलावतात, वाढत्या गर्भाशयाचा दाब येतो, लघवी तुंबते आणि जंतूंना वर चढायला वाट मिळते. असे मुकाट राहणारे जंतू १०० गर्भवतींपैकी २ ते १० जणींमध्ये सापडतात. उपचार झाले नाहीत तर त्यांतल्या २० ते ३५ टक्के जणींचं दुखणं मूत्रपिंडावर जातं. मध्यधारेच्या (पहिली धार सोडून घेतलेल्या) लघवीचं कल्चर करा आणि जंतू निघाले तर सात दिवस अँटिबायोटिक द्या, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्येच सांगितलंय. गरोदरपणात चालणारी औषधं आहेत. बाळाला बाधेल म्हणून घरच्यांनी ती मध्येच बंद करायला लावू नयेत, हेही लेखात यायला हवं होतं. पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापा, आणि ठळक छापा.

आता नमुन्याचंही सांगते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची तपासणी असते. आमच्याकडे त्या दिवशी बायकांच्या संडासात नळाला पाणी नसतं, दाराला कडी नसते. एकीनं दार धरायचं, दुसरीनं आत जायचं. स्वच्छता करून, पहिली धार सोडून मधली धार बाटलीत घ्यायची कशी? नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत किंवा फ्रिजमध्ये जायला हवा. इथं बाटल्या दुपारपर्यंत उन्हात खिडकीवर. तुमचा वार्ताहर येत्या ९ तारखेला पाठवा.

– एक वाचक, कराड