विषय : ‘एकाच केबलवर चालणारा’ एक्स्टर्नल डीव्हीडी रायटर एका केबलवर न चालणे, आणि त्यावर तुमच्या कस्टमर केअरने दिलेले सल्ले

प्रति,
मा. व्यवस्थापक, विक्रीपश्चात सेवा

तुमचा यूएसबी २.० चा स्लिम डीव्हीडी रायटर कसा चालतो हे तुम्हाला समजावून सांगायला नको, कारण तो तुम्हीच विकता. थेट मुद्द्यावर येतो. डिस्क फिरवायला सुरुवात करताना आणि ती लिहिताना या ड्राइव्हला जेवढा करंट लागतो, तेवढा तुम्ही खोक्यात घातलेल्या केबलमधून त्याला मिळत नाही. तक्रार एवढीच आहे. ती कस्टमर केअरला कळेना, म्हणून हे पत्र.

ड्राइव्हच्या पोटावरचं तुमचंच स्टिकर वाचा : ५ व्होल्ट, १.५ अँपिअर. हाच ड्राइव्ह कॉम्प्युटरला जोडला की विंडोजला मात्र ‘मला ५०० मिलिअँपिअर पुरे’ असं सांगतो. यूएसबी व्ह्यूअर नावाच्या प्रोग्राममध्ये कुणालाही दिसेल. यूएसबी २.० पोर्टची मर्यादा ५०० मिलिअँपिअर, निळ्या ३.० पोर्टची ९००. म्हणजे स्टिकर खरं धरलं तर दोन्ही पोर्ट अपुरे, आणि ड्राइव्ह विंडोजला सांगतो ते खरं धरलं तर स्टिकर खोटं. यातलं कुठलं खरं मानायचं ते तुम्हीच ठरवा.

आता केबल. तिच्या आवरणावर बारीक अक्षरांत २८ एडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचं माप, म्हणजेच गेज; आकडा मोठा तेवढी तार बारीक) छापलंय. वीज नेणाऱ्या तारासुद्धा तेवढ्याच बारीक. २८ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम, एक मीटरची केबल, जायची तार आणि यायची तार मिळून ०.४३ ओहम. मोटर वेग घेते त्या क्षणी पोर्टपाशी लावलेला यूएसबी मीटर १.१ अँपिअर दाखवतो आणि व्होल्टेज ४.७ वर उतरतं. त्यातले जवळजवळ अर्धा व्होल्ट केबल खाते. ड्राइव्हच्या तोंडाशी पोचतात जेमतेम सव्वाचार व्होल्ट. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लावलं तर आणखी कमी, कारण तिथून मदरबोर्डपर्यंत आतली वायर वेगळी. वीजवाहक तारा २४ गेजच्या असत्या तर केबलमधली घट अर्ध्याहून कमी झाली असती. हा शोध मी लावलेला नाही. केबल बनवणारा प्रत्येक कारखाना हे जाणतो, आणि ‘२८ एडब्ल्यूजी डेटा, २४ एडब्ल्यूजी पॉवर’ असं छापलेल्या केबल बाजारात पडून आहेत.

याचा परिणाम असा. डिस्क ठेवली, ट्रे ढकलला, मोटर घूंऽऽ करत वेग घेते, ‘कट्’ असा आवाज येतो, हिरवा दिवा विझतो, विंडोज उपकरण काढल्याचा आवाज करतं, दोन सेकंदांत परत जोडल्याचा करतं. ‘धिस पीसी’मध्ये ड्राइव्हचं अक्षर दिसतं, जातं, दिसतं. लिहिताना तर जास्तच वाईट. स्लिम ड्राइव्ह ८ एक्सला (मूळ वेगाच्या आठपट) लिहितो म्हणजे आतल्या कडेला सावकाश सुरू होऊन बाहेर जाताना वेग वाढवत नेतो, आणि वेग वाढला की लेखन-लेसरची ताकदही वाढवावी लागते. म्हणून निम्म्याच्या पुढे गेल्यावर ड्राइव्ह मान टाकतो. डीव्हीडी-आर एकदाच लिहिता येते, सबब डिस्क बाद. कधी कधी सुरुवातच होत नाही : लिहिण्याआधी ड्राइव्ह डिस्कच्या आतल्या कडेला लेसरची ताकद अजमावतो, तिथेच ‘पॉवर कॅलिब्रेशन एरिया एरर’ येते, सेन्स कोड (ड्राइव्ह कळवतो तो एररचा क्रमांक) ७३/०३.

ही एरर खराब डिस्कनेही येते, थकलेल्या लेसरनेही येते, हे मान्य. तुमच्या माणसांच्या आधी मीच ते तपासलं. तोच ड्राइव्ह, तोच कॉम्प्युटर, त्याच गठ्ठ्यातल्या डिस्क; बदलली फक्त केबल. कॉम्प्युटरच्या बाजूला दोन पिना असलेली वाय केबल लावली, एक पीन डेटा आणि विजेची, दुसरी नुसती विजेची. एकही डिस्क वाया गेली नाही, ८ एक्सला लिहून व्हेरिफायसुद्धा झाल्या. याहून सरळ चाचणी मला माहीत नाही. आणि गंमत म्हणजे याच ड्राइव्हच्या तुमच्या आधीच्या मॉडेलसोबत ही वाय केबल खोक्यातच यायची. नव्या खोक्यातून ती गेली आणि तिच्या जागी ‘फक्त एका केबलवर’ अशी सोनेरी ओळ आली.

सर्व्हिस सेंटरने ड्राइव्ह ठेवून घेतला आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून परत दिला. जॉबशीटवर चाचणी लिहिली आहे : ‘ऑडिओ सीडी प्ले ओके’. गाणी वाजवताना मोटरवर ताण येत नाही, आणि लेखन-लेसर तर पेटतही नाही. डीव्हीडी रायटरची तपासणी एकही डीव्हीडी राइट न करता कशी होते, हे त्या विभागाच्या प्रमुखांनी एकदा लिहून द्यावं.

यानंतर शेवटचा फोन. तो तुमच्याकडे ‘ट्रेनिंग अँड क्वालिटी’साठी रेकॉर्ड झालेला आहे, तेव्हा शब्द पडताळून पाहा. मी वरची सगळी मापं सांगितली. पलीकडून टायपिंगचा आवाज आला. मग :

“सर, डिस्क कुठल्या कंपनीची आहे?”

सांगितलं. दुसऱ्या केबलवर त्याच डिस्क चालतात हेही परत सांगितलं.

“ओके सर. मग डिस्क मऊ कापडाने पुसून घ्या. गोल गोल पुसा.”

गोल नाही हो. डिस्क मधून कडेकडे सरळ पुसायची असते. गोल पुसलं आणि चरा पडला तर तो ट्रॅकच्या दिशेनेच जातो आणि चूकदुरुस्तीला दाद देत नाही. शिवाय गठ्ठ्यातून आत्ता काढलेली कोरी डिस्क पुसायची कशासाठी? यावर उत्तर नाही. पुढचा सल्ला :

“रजिस्ट्रीमधून अपर फिल्टर्स आणि लोअर फिल्टर्स डिलीट करा.”

विंडोजच्या सेटिंगमधल्या या नोंदी पुसण्याचा उपाय डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि कोड १९ किंवा ३९ येतो तेव्हाचा आहे. इथे कुठलाही कोड नाही. गुडघा दुखतो म्हणून डोळ्यात थेंब घालायला सांगण्यातला प्रकार. तसं म्हटल्यावर मला होल्डवर ठेवलं, बासरी वाजली, आणि ताई परतल्या त्या नवीन कल्पना घेऊन :

“सर, ड्राइव्हचा रीजन बदलून बघा. आधी एक करा, नाही झालं तर दोन, असं सहापर्यंत ट्राय करा.”

हे मी दोनदा वदवून घेतलं, कारण विश्वास बसेना. व्यवस्थापक महाशय, रीजन म्हणजे जगाच्या कुठल्या भागात विकलेले डीव्हीडी चित्रपट ड्राइव्हवर चालतील ते ठरवणारा क्रमांक, आणि भारताचा रीजन ५. ड्राइव्हचा रीजन एकूण ५ वेळाच बदलता येतो, पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. हा मोजणारा काटा विंडोजमध्ये नसून ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये (ड्राइव्हच्या आतच बसवलेल्या प्रोग्राममध्ये) असतो, त्यामुळे विंडोज नव्याने टाकूनही तो मागे फिरत नाही. त्या सल्ल्याप्रमाणे एकपासून वर चढत गेलो असतो तर पाचही मुभा त्या एका कॉलमध्येच उडाल्या असत्या, आणि रीजनचा विजेशी, डिस्क लिहिण्याशी काडीचाही संबंध नसताना. तुमचं कस्टमर केअर ग्राहकाच्या हातून ड्राइव्ह कायमचा कुलूपबंद करून घ्यायला निघालं होतं. मी हे शांतपणे सांगितलं. त्यावर मिळालेलं उत्तर जसंच्या तसं :

“सर, पण आजकाल सीडी वापरतं कोण? पेन ड्राइव्ह घ्या ना. आमच्या वेबसाइटवर ऑफर आहे.”

वा! डीव्हीडी रायटर विकणाऱ्या कंपनीने, डीव्हीडी रायटर विकत घेतलेल्या माणसाला, तक्रारीच्या फोनवर विचारलेला हा प्रश्न. त्या मुलीवर माझा राग नाही, तिच्यासमोर जे लिहून ठेवलंय तेच ती वाचणार. लिहून ठेवणाऱ्यावर आहे. तरी विचारलंच आहे तर ऐका. एमआरआय आणि सीटी स्कॅनच्या सीडी कपाटात पडलेल्या असतात, आणि पुढचा डॉक्टर जुन्या इमेज मागतोच. गावोगावच्या फोटो स्टुडिओंनी लग्नांचं शूटिंग डीव्हीडीवरच दिलेलं आहे. नाटकांच्या व्हीसीडी घराघरांत आहेत, त्यातल्या ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरमधली डॅट फाइल व्हीएलसी या प्लेअरवर सरळ चालते, पण त्यासाठी आधी ड्राइव्ह शेवटपर्यंत जिवंत राहावा लागतो. हे सगळं हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायचं तर ते आत्ताच, कारण नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही. तुमचा ड्राइव्ह खपतो तो त्यामुळेच. अर्ध्या कॉपीत निघून जाणारा ड्राइव्ह अशा कामाला ठेवून काय करायचं?

‘वेग कमी करून लिहा’ हा सल्लाही तुमच्या एका ई-मेलमध्ये आहे. १६ एक्सच्या डिस्कवर हा ड्राइव्ह ४ एक्सच्या खाली उतरतच नाही, आणि ४ एक्सलाही मोटर पहिल्यांदा वेग घेताना करंट मागतेच. ‘पॉवर्ड हब घ्या’ हा दुसरा. म्हणजे ड्राइव्ह तुमचा, आणि तो चालावा म्हणून अडॅप्टरवाला हब मी घ्यायचा. खोक्यावर तर लिहिलंय ‘फक्त एका केबलवर’. दीडदोनशे रुपयांची वाय केबल आधी खोक्यात होती ती काढलीत, हे पुन्हा सांगतो, कारण तुमच्या एकाही उत्तरात त्याचा उल्लेख नाही.

याच नावाचे जुने सव्वापाच इंची ड्राइव्ह, आयडीईची चपटी पट्टी (कॅबिनेटच्या आतली जुनी डेटा केबल) आणि चार पिनांची पॉवर लावलेले, वर्षानुवर्षं मुकाट चालले. म्हणून हाही डोळे मिटून घेतला. यापुढे खोक्यावरचं नाव वाचून घेणार नाही, पोटावरचं स्टिकर वाचून घेईन.

मला काय हवं ते स्पष्ट लिहितो. ड्राइव्हची पूर्ण किंमत परत, किंवा वीजवाहक तारा २४ गेजच्या असलेली वाय केबल, तुमच्या खर्चाने घरपोच. बाद झालेल्या कोऱ्या डिस्कची भरपाई. खोक्यावरची आणि वेबसाइटवरची ‘फक्त एका केबलवर’ ही ओळ काढणं, किंवा तिच्या शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत कोणत्या पोर्टवर चालतो ते लिहिणं. आणि रीजन बदलण्याचा सल्ला तुमच्या स्क्रिप्टमधून आजच्या आज काढणं. माझं जाऊ द्या, पण तो ऐकून किती जणांनी ड्राइव्ह वाया घालवला असेल कोण जाणे.

खरेदी तुमच्या स्वतःच्या वेबसाइटवरून आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर नोंद होईल आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तो मी राहतो त्याच जिल्ह्यात करता येतो, आणि एवढ्या रकमेला फीही लागत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा मुद्दा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे वेगळा जाईल; तिथे पहिल्या वेळी दंडाची मर्यादा १० लाख आहे, वाय केबलचा हिशोब तुम्ही करा.

उत्तर लेखी हवं. फोन करू नये.

आपला ग्राहक
(नाव, पत्ता व बिल क्रमांक तुमच्या तक्रार नोंदीत आहे.)

सोबत : बिलाची प्रत, जॉबशीट, स्टिकरचा आणि केबलवरच्या छपाईचा फोटो, मीटरचे फोटो, दोन्ही केबलवरचे बर्निंग लॉग (डिस्क लिहितानाच्या नोंदी).

ता. क. : तुमच्या माहितीपत्रकात ‘विंडोज १० मध्ये डीव्हीडी चित्रपट लगेच पाहा, काहीही इन्स्टॉल करायची गरज नाही’ असं छापलंय. विंडोज १० मध्ये डीव्हीडी चित्रपट चालवण्याची सोय मुळात दिलेलीच नाही; मायक्रोसॉफ्टचं त्यासाठीचं अ‍ॅप वेगळे पैसे घेतं, आणि व्हीएलसी फुकट असलं तरी ते टाकावं लागतं. तेही वाक्य काढा.