दरडोई उत्पन्न नक्की कुणाचं?

संपादक महोदय,

आर्थिक पाहणीतल्या जिल्हावार दरडोई उत्पन्नावरची तुमची बातमी वाचली, त्यातलं ‘जिल्ह्यातला माणूस सरासरी इतकं कमावतो’ हे वाक्य काही पटलं नाही. अर्थ व सांख्यिकी संचालनालय जो आकडा काढतं तो जिल्ह्याच्या हद्दीत किती उत्पादन झालं त्याचा, तिथल्या लोकांच्या हातात किती पैसा आला त्याचा नाही. आमच्या चंद्रपूरचंच बघा, २९२० मेगावॅटचं वीजकेंद्र आणि कोळशाच्या खाणी इथं आहेत म्हणून त्यांचं सगळं मूल्य चंद्रपूरच्या खात्यात पडतं, मग वीज मुंबई-पुण्यात जळो नाहीतर नफा कुठल्याही हेड ऑफिसला जावो. (धूर मात्र पूर्ण आमचाच!) रत्नागिरी-सिंधुदुर्गात नेमकं उलटं, मुंबईच्या चाकरमान्यांनी गावी पाठवलेला पैसा या हिशोबात धरलाच जात नाही, कारण तो मुंबईच्या उत्पादनात आधीच मोजून झालेला असतो.

शिवाय रेल्वे, बँका यांचं उत्पन्न थेट जिल्ह्यात मोजता येत नाही, वरून काही निकष लावून वाटून दिलं जातं, छोट्या असंघटित धंद्यांचं तर माणशी सरासरी गुणिले कामगार असं अंदाजानेच निघतं, आणि या सगळ्याला भागायला जी लोकसंख्या घेतात तीही २०११ च्या जनगणनेवरून पुढे ताणलेली. आकडा खोटा आहे असं मला म्हणायचं नाही, उत्पादन कुठे होतं हे कळायला तो लागतोच. पण त्यावरून जिल्हा ‘श्रीमंत’ ठरवून बातमी करताना शेजारी घरखर्चाच्या पाहणीचे आकडेही छापा की.

— एक वाचक, चंद्रपूर