गांधीबागेतल्या गादीवरून, पीटीच्या सरांना

आदरणीय सर,

साष्टांग नमस्कार.

तुम्ही पुण्याला मुलाकडे राहायला निघालात त्या दिवशी स्टेशनवर मला नीट बोलता आलं नाही. गाडी लागली होती, सामान चढवायची घाई होती, आणि तेव्हाही तुम्ही मलाच सांगत होता, "बॅग अंगाजवळ घे, कंबर नको लावू, मांड्या लाव." तेव्हा राहिलं ते आज लिहितो. सगळ्यांना वाचता यावं असं लिहितो, कारण आमच्या नागपूरच्या गांधीबाग बाजारात माझ्यासारखे कितीतरी जण दिवसभर वाकून, उचलून कंबर झिजवून राहिले आणि त्यांना तुमच्यासारखं कोणी भेटलेलं नाही.

साडीच्या दुकानातलं काम तुम्ही पाहिलं आहे. गादीवर मांडी घालून बसायचं, पुढे झुकून साड्या उलगडायच्या, पुन्हा घड्या घालायच्या आणि माल आला की गाठी उचलायच्या. २०२२च्या डिसेंबरात, ऐन लग्नसराईत, एक गाठ उचलताना कमरेत अशी उसण भरली की मी गादीवर हात टेकून तसाच राहिलो. सरळ होता येईना, बसताही येईना. तीन आठवडे पलंगावर काढले. पट्टा बांधला, शेक घेतला, तेल चोळलं. बरं वाटलं म्हणून कामावर गेलो, तर एप्रिलमध्ये पुन्हा तेच. त्यानंतर मी भिऊनच वागायला लागलो. पाण्याची बादलीसुद्धा बायको उचलायची, आणि मी बाजूला उभा राहून पाहायचो. दुखण्यापेक्षा ते जास्त लागायचं, सर.

रेशीमबागच्या मैदानावर तुम्ही मला गाठलंत तेव्हा मी कमरेवर हात ठेवून, पाय ओढत चालत होतो. तुम्ही नाव-गाव विचारलं नाही. पायाला मुंग्या येतात का, कुठे बधिर वाटतं का, लघवीवर ताबा आहे ना, एवढं विचारलं आणि म्हणालात, "आधी डॉक्टरला दाखवून ये, मग मी पाहतो." डॉक्टरांनी तपासून सांगितलं की नस दबलेली नाही, पडून राहू नका, चालत-फिरत राहा. ते ऐकून तुम्ही खूश झालात. "पाहा, तेही हेच सांगून राहिले. पलंगावर पडून कंबर बरी नाही होत रे बाबू, अजून कच्ची होते."

मग तुम्ही काठी काढली. शाळेतल्या कवायतीची, खालच्या टोकाला रबर लावलेली. ती पाठीवर उभी धरायची: डोक्याची मागची बाजू, खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी टेकलेली. गुडघे जरा सैल सोडायचे आणि बूड मागे ढकलत वाकायचं. तीनपैकी एक जागा सुटली की तुम्ही काठीवर टिचकी मारायचा. पंधरा दिवस हातात काहीही न घेता मी एवढंच केलं. यात कसला आला व्यायाम, असं मनात यायचं. पण ओझं उचलताना कमरेतून नाही, खुब्यातून वाकायचं असतं, ही गोष्ट मला वयाच्या ४६व्या वर्षी त्या काठीने शिकवली. तोवर माझ्या मांड्या आणि कुल्ले नुसते बसून होते आणि त्यांचं काम कंबर करत होती.

त्यानंतर गव्हाची पिशवी आली. आधी ५ किलो, मग ८, मग १०. मला घाई असायची, कारण अंगात जोर आलेला कळत होता. तुम्ही मात्र हटला नाहीत. स्नायू लवकर तयार होतो, पण त्याला हाडाशी बांधणारी कंडरा सावकाश तयार होते. जोर आला म्हणून एकदम वजन वाढवलं की तीच दुखावते, हे तुम्ही जमिनीवर बसून, बुटाची नाडी ओढून दाखवलंत. दुसरी गोष्ट सकाळची. रात्रभर आडवं असताना मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी आपली उंचीही सेंटिमीटरभर जास्त भरते. फुगलेल्या चकत्यांवर वाकण्याचा ताण जास्त येतो. मी तर उठल्या उठल्या वाकून पायाचे अंगठे धरायचो आणि त्यालाच व्यायाम समजायचो! तुम्ही ते बंद केलं आणि आधी अर्धा तास चालायला लावलंत. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला तेव्हाही खंड पडू दिला नाही, फक्त वेळ पाच वाजताची केली.

माझ्या घरालाही तुम्ही बरंच काही दिलंत. आई ७१ वर्षांची. मोरीत एकदा पाय घसरल्यापासून ती चालायलाच घाबरायची, आणि चालणं कमी झालं तशी पायातली ताकद आणखी गेली. तिला तुम्ही खुर्चीवरून हात न टेकता उठायला शिकवलंत, ओट्याला धरून एका पायावर उभं राहायला शिकवलंत. ६५च्या पुढच्या माणसांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, हे मला तुमच्याकडून कळलं. आई आता पोळ्या लाटण्याआधी ते करते. पोरगी कबड्डी खेळते. उडी मारून खाली येताना तिचे गुडघे आत वळतात, हे तुम्ही एका नजरेत ओळखलंत. २००८ साली छापून आलेली नॉर्वेतल्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींची पाहणी तुम्ही तिला सांगितलीत. खेळण्याआधी वीसेक मिनिटं ताकद, तोल आणि उडीचे ठरावीक व्यायाम केलेल्या मुलींच्या दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या होत्या. तेव्हापासून ती सराव कधी बुडवत नाही.

आता जुलैमधली गोष्ट, जी तुम्हाला फोनवर सांगता आली नाही. दुकानाच्या पायऱ्या पावसाने ओल्या, खांद्यावर गाठ, आणि माझा डावा पाय सटकला. याच पायरीवर आमच्या एका सोबत्याचं मनगट मोडलं आहे. मला विचार करायला वेळच नव्हता. उजवा पाय आपोआप खालच्या पायरीवर गेला, गुडघा वाकला, मांडीने भार घेतला आणि मी उभा राहिलो. गाठ पडली, मी पडलो नाही. कंबर दुखली का म्हणून मी तिथेच उभा राहून वाट पाहिली. काही नाही. दुकानातली पोरं धावत आली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना वाटलं लागलं. सर, मला तेव्हा तुमची आठवण आली होती.

त्या पोरांमधले पाच जण आता माझ्यासोबत मैदानावर येतात. मी तुमच्यासारखा शिक्षक नाही, पण कोणाला दुखत असेल तर तुमचे ते तीन प्रश्न आधी विचारतो आणि मग काठी हातात देतो. खालचं रबर झिजलं होतं, ते नवीन बसवलं. दिवाळीत नागपूरला याल तेव्हा पहाटे पाचला तिथेच या. आई तुम्हाला खुर्चीवरून उठून दाखवायचं म्हणते.

तुमचा,
गांधीबागेतला साडीवाला