आंतरवासितेतील कामाला पदव्युत्तर प्रवेशात मोल हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाची नीट-पीजी ही परीक्षा बातम्यांत येते ती बहुधा तारखांच्या आणि न्यायालयीन याचिकांच्या निमित्ताने. २०२४ साली २३ जूनची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली गेली, ती ११ ऑगस्टला दोन सत्रांत झाली, आणि दोन सत्रांच्या गुणांचा मेळ कसा घालायचा यावरून वाद झाला. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती ३ ऑगस्टला एकाच सत्रात घेण्यात आली. विद्यार्थ्यांचा त्यात जीव टांगणीला लागतो, हे मान्य आहे. परंतु डॉक्टर ज्या वॉर्डात घडायचा, त्या वॉर्डाचे ही परीक्षा काय करते, याची चर्चा माझ्या वाचनात क्वचितच येते. मी चौतीस वर्षे शासकीय रुग्णालयांत आधी अधिपरिचारिका आणि मग परिसेविका म्हणून काम केले. त्या काळात इंटर्न डॉक्टरांच्या, म्हणजे एमबीबीएस शिकून रुग्णालयात आंतरवासितेचे सक्तीचे वर्ष काढणाऱ्यांच्या, अनेक तुकड्या डोळ्यांसमोरून गेल्या, म्हणून हे लिहीत आहे.

निवृत्तीच्या थोडे आधीची एक रात्र सांगते. पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड, खाटा भरलेल्या, चार रुग्ण जमिनीवर गाद्या घालून. दम्याच्या जुन्या आजाराच्या एका आजोबांची आयव्ही, म्हणजे शिरेत औषध देण्यासाठी लावलेली सुई, निघाली होती आणि त्यांचे इंजेक्शन थांबले होते. मी इंटर्नला दोनदा निरोप पाठवला. तो पडद्यामागे ड्रेसिंग ट्रॉलीशेजारी मोबाईलवर प्रश्न सोडवत बसला होता. तिसऱ्यांदा मी स्वतः गेले तेव्हा तो उठला, दंडाला टूर्निकेचा पट्टा बांधला, तीन ठिकाणी सुई टोचली. एकही शीर सापडली नाही. आजोबांच्या हातावर काळे-निळे डाग उठले. तो हळूच म्हणाला, "सिस्टर, तुम्हीच लावा ना प्लीज, उद्या सकाळी माझी ग्रँड टेस्ट आहे." ग्रँड टेस्ट म्हणजे नीट-पीजीची मोठी सराव परीक्षा. मुलगा उद्धट नव्हता, कामचुकार म्हणावा असाही नव्हता. वर्गात हुशार म्हणून त्याचे नाव होते. त्याने फक्त हिशेब केला होता, आणि तो हिशेब चुकीचा होता असे मला आजही म्हणता येत नाही. शीर सापडल्याचा एकही गुण त्याला कुठे मिळणार नव्हता.

दुसरी आठवण एका मुलीची. पावसाळ्यात मण्यार चावलेला एक शेतमजूर रात्री अकराच्या सुमारास आला. मण्यारीच्या दंशात जखम दिसतच नाही म्हटले तरी चालेल. पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि मग श्वास मंदावतो. सर्पविष प्रतिबंधक इंजेक्शने सुरू झाली, श्वासनलिकेत नळी घातली गेली, पण व्हेंटिलेटर एकही मोकळा नव्हता. ती इंटर्न आणि त्या माणसाचा भाऊ पहाटेपर्यंत आळीपाळीने अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी, दाबत बसले. भावाचा हात सैल पडू लागला की ती न बोलता बॅग आपल्या हातात घेई आणि छाती किती वर येते ते त्याला पुन्हा दाखवी. सकाळी सातला व्हेंटिलेटर मिळाला, चौथ्या दिवशी रुग्णाने स्वतः पाणी मागितले. त्या वर्षी नीट-पीजीत तिचा क्रमांक फार मागे गेला. मेडिसिन घ्यायचे होते, ते मिळाले नाही, आणि तिने पुढचे वर्ष घरी बसून पुन्हा तयारी केली. ज्या मुलीने वॉर्डात थांबायला हवे होते तिला आपण खोलीत बसवले, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

परीक्षेचे स्वरूप वाचकांना ठाऊक असेलच असे नाही. साडेतीन तासांत २०० बहुपर्यायी प्रश्न, एकूण ८०० गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. २०२४ पासून ४० प्रश्नांचे पाच भाग केले आहेत आणि प्रत्येक भागाला ४२ मिनिटे. वेळ संपली की मागे फिरून उत्तर बदलता येत नाही. दोन लाखांहून अधिक डॉक्टर बसतात, त्यामुळे एका प्रश्नाने क्रमांक शेकड्यांनी, मधल्या गर्दीत तर हजारांनी पुढे-मागे होतो. अशा परीक्षेसाठी वर्षभर रोज सराव लागतो, आणि ते वर्ष म्हणजे नेमके बारा महिन्यांच्या सक्तीच्या आंतरवासितेचे. शिवाय २०२४ मध्ये १५ ऑगस्टपर्यंत आंतरवासिता पूर्ण करणाऱ्यांना ११ ऑगस्टच्या परीक्षेला बसता येत होते, म्हणजे ज्यांची तुकडी उशिराची, त्यांना ड्युटी संपण्यापूर्वीच पेपर द्यावा लागला. साडेचार वर्षे पुस्तकात वाचलेले हाताने करून पाहायचे जे एकमेव वर्ष, तेच असे खर्ची पडते.

यावर नेहमीचे उत्तर असते की परीक्षा निदान निःपक्षपाती आहे, मुलाखत किंवा विभागप्रमुखांचे गुण आले की वशिला आलाच. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. इंटर्नच्या लॉगबुकवर, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदवहीवर, महिनाभराच्या सह्या एका दुपारी उरकलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि कोणाचा मुलगा म्हणून कोणाला सोपी ड्युटी मिळते हेही पाहिले आहे. गरीब घरातली, लातूर-नांदेडच्या क्लासमध्ये घासून आलेली मुले याच परीक्षेच्या भरवशावर मोठ्या शहरांतील नामवंत घराण्यांच्या मुलांना मागे टाकतात, तो भरवसा मोडू नये. म्हणून विभागप्रमुखांच्या हाती गुण द्या, असे मी म्हणत नाही.

मात्र गुणवत्तेच्या नावाने या परीक्षेचे जे समर्थन होते, ते २०२३ च्या सप्टेंबरनंतर मला पटत नाही. रिकाम्या जागा भरण्यासाठी त्या वर्षी पात्रतेचा पर्सेंटाईल, म्हणजे इतर उमेदवारांच्या तुलनेत गाठायची किमान पातळी, सर्व प्रवर्गांसाठी शून्यावर आणला गेला, म्हणजे परीक्षेला बसलेला प्रत्येक जण, उणे गुण मिळालेलासुद्धा, प्रवेशफेरीत पात्र ठरला. क्रमांक शेवटचा असला तरी चालतो, खासगी महाविद्यालयाची फी भरण्याची ऐपत असली की झाले, असा त्याचा अर्थ सामान्य माणूस घेतो आणि त्याला दोष कसा द्यायचा? ज्या परीक्षेत एका प्रश्नावरून शाखा ठरते, तीच परीक्षा खालच्या टोकाला कोणालाच अडवत नाही.

दुसरा मार्ग असू शकतो, हे पाहायला आम्हा वर्ध्याच्या लोकांना लांब जावे लागत नाही. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत एमबीबीएससाठी नीट येईपर्यंत स्वतःची प्रवेश परीक्षा होती आणि तिच्यात गांधीविचारावर एक पेपर असे. तिथल्या पदवीधराला त्याच संस्थेत पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे तर आधी दोन वर्षे ग्रामीण भागात सेवा करावी लागे. पेपर घोकून लिहिणारेही त्यात असतील, पण खेड्यात काढलेली दोन वर्षे घोकता येत नाहीत. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या प्रवेशासाठी आजही नीटच्या गुणांबरोबर इंग्रजी व तर्काची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी आणि मुलाखत होते. आपली बरीच मुले पुढील शिक्षणासाठी अमेरिकेला जातात. तिथे २०२२ पासून डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेतील पहिल्या टप्प्याचे गुण देणे बंद करून फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठेवले आहे, कारण त्या एका आकड्यामागे विद्यार्थी बाकी शिक्षण सोडून धावू लागले होते.

आपल्याकडेही तोडगा कागदावर आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात एमबीबीएसची अंतिम परीक्षा, डॉक्टरी परवाना आणि पदव्युत्तर प्रवेश या सगळ्यांसाठी ‘नेक्स्ट’ या एकाच समान परीक्षेची तरतूद झाली. २०२३ च्या जूनमध्ये नियम आले आणि जुलैमध्येच ती लांबणीवर टाकली गेली. त्या नियमांत आंतरवासितेनंतर सात विषयांची प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षा, हा दुसरा टप्पा होता. पण पदव्युत्तर प्रवेशासाठी गुण धरायचे ते पहिल्या, बहुपर्यायी टप्प्याचे. दुसऱ्या टप्प्यात नुसते उत्तीर्ण व्हायचे. मग विद्यार्थी कशासाठी जागेल, हे सांगायला नको.

‘नेक्स्ट’ पुन्हा हाती घेतली जाईल तेव्हा या दुसऱ्या टप्प्याचे गुण क्रमांकात धरावेत, अगदी चौथा हिस्सा धरला तरी पुरे. परीक्षा दुसऱ्या महाविद्यालयात, बाहेरच्या परीक्षकांपुढे, नावाऐवजी क्रमांकाने व्हावी. प्रत्येक टेबलावर ठरलेले काम आणि ठरलेली तपासणी यादी असावी: आयव्ही लावणे, बाळाला श्वास देणे, टाके घालणे, रुग्णाच्या नातेवाइकाला वाईट बातमी सांगणे. यादी समोर असली की परीक्षकाला मनासारखे गुण देण्याची मोकळीक फारशी राहत नाही, आणि एखाद्या टेबलावर अनुभवी परिचारिकेलाही परीक्षक म्हणून बसवता येईल. कोणाचा हात बसला आहे हे आम्हाला पहिल्या मिनिटात कळते. दुर्गम भागात काम केलेल्या शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्यांना वर्षाला १० टक्के, जास्तीत जास्त ३० टक्के वाढीव गुण देण्याची तरतूद पूर्वीच्या पदव्युत्तर नियमांत होती, म्हणजे कामाचे गुण मोजणे आपल्या व्यवस्थेला अगदीच नवीन नाही.

हे होईपर्यंत परीक्षेची तारीख तरी सर्व तुकड्यांची आंतरवासिता संपल्यावर किमान तीन महिन्यांनी ठेवावी आणि ती वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर करून पाळावी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने आणि राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाने एवढ्या मागणीचा विचार करावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिसेविका,
वर्धा