सालीसकट

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

आईने शेतकरी बाजारातून लिंबं आणायला पाठवलं होतं. लिंबं राहिली बाजूलाच, मी भलतंच फळ घेऊन आलो. त्यावरून जे ऐकायचं ते ऐकून झालंय, आता तुला लिहायला बसलोय.

एका बाईंच्या टोपलीत अंगठ्याच्या पेराएवढी, लांबट, केशरी फळं होती, देठाला पानं तशीच. मला वाटलं, संत्री वाढायच्या आतच तोडलीत की काय. त्यांनी एक चाखायला दिलं. मी सवयीने सालीत नख रोवलं, तर त्या जवळजवळ ओरडल्याच, "अहो, साल काढू नका! सालच तर गोड असते."

त्यांनी सांगितलं तसं आधी बोटांत जरा चोळलं. सालीवरच्या बारीक ठिपक्यांत तेल असतं, ते सुटलं आणि वास थेट डोक्यात गेला. मग अख्खंच तोंडात टाकलं. पहिल्यांदा साल लागते, गोड, किंचित तुरट. आपण 'छान आहे' म्हणेपर्यंत आतला रस फुटतो आणि डोळे आपोआप मिटतात, इतका आंबट! पण थुंकायचं नाही, चावत राहायचं. चार-पाच घासांत गोड आणि आंबट एकमेकांत मिसळतात. अशी उलटी रीत मी दुसऱ्या कुठल्या फळात पाहिली नाही.

नाव कमक्वाट. मूळचं दक्षिण चीनचं; तिकडच्या कँटनी भाषेत त्याचा अर्थ सोनेरी संत्रं. रॉबर्ट फॉर्च्यून नावाच्या माणसाने ते १८४६ साली युरोपात नेलं. हाच तो, ज्याने पुढे चीनमधून चहाची रोपं गुपचूप हिंदुस्थानात आणली. म्हणजे माझ्या सकाळच्या कपातही त्याचा हात आहे म्हणायचा.

हे सगळं वाचताना तू आठवलास. चारेक वर्षांचा असशील. संत्र्याच्या फोडी बाजूला ठेवून साल चघळत बसायचास, आणि मी ती तोंडातून ओढून काढायचो. "साल खातात का कधी?" एकदा तर पाठीत धपाटाही घातला होता. संत्र्याची साल कडूच, तिथे माझंच बरोबर होतं. पण 'कधी' म्हणायला नको होतं.

बिया पेरायचा विचार बोलून दाखवला तर बाई हसल्या. म्हणाल्या, बियांवरचं झाड जोम धरत नाही, याची कलमंच करतात. तरी मी पाच बिया मातीत खुपसल्यात. आई रोज त्या कुंडीकडे बघून काहीतरी पुटपुटते. तिने स्वतः पहिलं फळ सुरीने सोलायला घेतलं होतं, तेव्हा "अगं, साल काढू नकोस!" म्हणून ओरडायची संधी मी सोडली नाही.

तुझ्यासाठी सहा बाजूला काढून ठेवली होती. हे पत्र लिहिता लिहिता दोन संपली. उरलेली चार वाचवायची असतील तर या रविवारी येच.

तुझा,
बाबा