वंचित वस्त्यांचा वाटा कायद्यातच हवा

प्रादेशिक हवामान कायद्यांची चर्चा बहुतेक वेळा उद्दिष्टाच्या आकड्यापाशीच अडते. न्यूयॉर्क राज्याच्या २०१९ च्या कायद्याने २०३० पर्यंत ७० टक्के वीज अक्षय स्रोतांतून घेण्याचे बंधन घातलेच. शिवाय स्वच्छ ऊर्जेवरील खर्चाचा किमान ३५ टक्के लाभ वंचित वस्त्यांना मिळावा, हेही लिहून ठेवले. मला हे कलम जास्त मोलाचे वाटते. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसते ती याच वस्त्यांत. अमेरिकेतल्याच इलिनॉय राज्याच्या २०२१ च्या कायद्यात तर बंद पडणाऱ्या वीजकेंद्रांतील कामगारांचाही विचार आहे. बॉयलरपाशी वीस वर्षे काढलेल्या माणसाला नुसते ‘नवे काम शिका’ सांगून कसे भागेल? प्रशिक्षणाचा पैसा आणि पूर्वसूचनेची मुदत, दोन्ही कायद्यातच हवेत.

– एक वाचक